क्रीडा महासंघांचा सरकारी निधी आणि पदकं: ताळा कसा घालायचा? (मदत हवी आहे)

तक्तेवाली: पॅरिस २०२४ च्या तयारीवर केंद्राने खेळनिहाय किती खर्च केला, याचा तक्ता करतेय. हाताशी असलेले साईचे (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे) आकडे असे: १६ खेळांवर मिळून सुमारे ४७० कोटी. पैकी ॲथलेटिक्स ९६.०८, बॅडमिंटन ७२.०२, बॉक्सिंग ६०.९३, नेमबाजी ६०.४२, हॉकी ४१.२९ कोटी. पदकांनी भागलं तर नेमबाजीचं एक पदक २० कोटींना पडतं. बॅडमिंटन आणि बॉक्सिंगला भागायला पदकच नाही. हे मांडणं रास्त आहे का? पॅरालिम्पिकची २९ पदकं याच तक्त्यात घ्यावीत का? आणि अर्थसंकल्पातल्या रकमेशी हे का जुळत नाही?

ताळेबंद: जुळणार नाहीच, कारण पैसा एका वाटेने येत नाही. अर्थसंकल्पात 'राष्ट्रीय क्रीडा महासंघांना साहाय्य' हे वेगळं शीर्ष आहे (२०२५-२६ चा अंदाज ४०० कोटी). शिबिरं, स्पर्धा, परदेशी प्रशिक्षक हा एसीटीसीचा, म्हणजे वार्षिक कार्यक्रमाचा खर्च त्यातून होतो. टॉप्सचा, म्हणजे पदकाची आशा असलेल्या निवडक खेळाडूंच्या केंद्रीय योजनेचा पैसा राष्ट्रीय क्रीडा विकास निधीतून येतो. त्यातला मासिक भत्ता (कोअर गटाला ५०,०००, डेव्हलपमेंट गटाला २५,०००) थेट खेळाडूला मिळतो, महासंघाच्या ताळेबंदात शोधून सापडायचा नाही. साईची केंद्रं आणि खेलो इंडिया यांची शीर्षं आणखी निराळी.

दुसरी नेहमीची चूक अंदाजाचा आकडा खर्च म्हणून धरण्याची. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना दोन वर्षांनी येतो: २०२४-२५ चा खर्च २०२६-२७ च्या कागदपत्रांत बघा. टोकियो २०२१ मध्ये झाल्यामुळे पॅरिसचं चक्र तीनच वर्षांचं होतं. टोकियोशी तुलना करायची तर आधी वार्षिक सरासरी काढा.

नेम_धरून: भागाकाराबद्दल. पॅरिसला नेमबाजीत १५ सुवर्णपदकं होती, हॉकीत दोन, आणि आपला एकच संघ पात्र ठरलेला. अख्ख्या संघाचा खर्च एका पदकावर टाकला की हॉकी महागच दिसणार. उलट २०१८ पासून हॉकीवर ओडिशा सरकारचा पैसा आहे, तो ४१.२९ मध्ये नाही. नेमबाजीत कांस्य जिंकलेल्या स्वप्नील कुसाळेचंही तसंच: राज्याची क्रीडा प्रबोधिनी आणि रेल्वेची नोकरी हा खर्च नेमबाजीच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

'पदकामागे खर्च' हा रकाना मी तरी काढूनच टाकेन. त्याऐवजी पहिल्या आठांत किती आले ते लिहा. पॅरिसला भारताचे सहा चौथे क्रमांक होते, त्यात बॅडमिंटनचा लक्ष्य सेनही. शून्य पदकं म्हणजे शून्य कामगिरी नव्हे.

एफ_४६: पॅराचा तक्ता वेगळाच ठेवा. पॅरिसला ऑलिम्पिकमध्ये ३२९ सुवर्णपदकं होती, पॅरालिम्पिकमध्ये ५४९, कारण एकाच प्रकारात अपंगत्वाच्या वर्गवारीनुसार अनेक स्पर्धा होतात. सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य (१६.३२ मीटर) एफ-४६ या (हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या) एका वर्गातलं. तेव्हा पॅरालिम्पिकची २९ विरुद्ध ऑलिम्पिकची ६ पदकं ही बातमी चटपटीत असली तरी तुलना म्हणून कच्ची आहे.

शिवाय २९ पैकी १७ पदकं ॲथलेटिक्सची. पॅरा ॲथलेटिक्स, जलतरण, पॉवरलिफ्टिंग आणि नेमबाजी हे खेळ पॅरिसच्या वेळी जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच चालवत होती. पॅरा बॅडमिंटन, तिरंदाजी मात्र त्या-त्या खेळाच्या जागतिक संघटनेकडे. त्यामुळे सगळा पॅरा खर्च भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या नावावर टाकण्याआधी खेळागणिक तपासा.

तक्तेवाली: भागाकाराचा रकाना काढून टाकला. आता एकेका महासंघाला नक्की किती मिळाले ते कसं काढू?

ताळेबंद: माहिती अधिकारात. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर क्रीडा मंत्रालयाकडे अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'किती निधी दिला' असं मोघम विचारलंत तर बेरजेचा एक आकडा हातात पडेल. वर्षनिहाय मंजूर, वितरित आणि अखर्चित रक्कम वेगवेगळी मागा, सोबत जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातल्या विनियोग प्रमाणपत्राची, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याच्या दाखल्याची प्रत. अर्ज साईकडे वर्ग झाला तर घाबरू नका, वितरणाचे कागद बऱ्याचदा तिथेच असतात.

कुस्तीचं उत्तर वाचताना जपून. मंत्रालयाने २४ डिसेंबर २०२३ ला कुस्ती महासंघ निलंबित केला, तो मार्च २०२५ पर्यंत. त्या काळातला महासंघाचा आकडा म्हणजे कुस्तीवरचा खर्च नव्हे. टॉप्स आणि साईचा भाग वेगळा विचारा.