अमेरिकन हॉट टब, घरी थ्री-फेज: दोन फेज जोडायचे का?

मांद्र्याची सून
आश्वेतलं घर सोडून गेलेल्या एका अमेरिकन जोडप्याचा हॉट टब आम्ही पाहुण्यांच्या खोल्यांसाठी घेतला. पाटीवर 240 वोल्ट, 60 हर्ट्झ, 50 अँपिअर. हीटर 5.5 किलोवॅट. आत चार टर्मिनल: लाइन 1, लाइन 2, न्यूट्रल, अर्थ. वायरमन म्हणतो, दोन लाइन म्हणजे दोन फेज, घरी थ्री-फेज आहेच. सासरे म्हणतात गीझरच्या पॉइंटवरून घ्या. मेन बोर्डापासून अंतर वीसेक मीटर. कुणाचं ऐकू?

डिचोलीचे काका
ताई, दोघांचंही नको. आणि दोन फेज तर अजिबात जोडू देऊ नका, बाकीचं नंतर वाचा.

अमेरिकेत घरात येणाऱ्या दोन लाइन एकाच वाइंडिंगची दोन टोकं असतात, न्यूट्रल मधून निघतो. लाइन ते न्यूट्रल 120, लाइन ते लाइन 240. आपल्याकडे एक फेज आणि न्यूट्रल मिळूनच 230 होतात; दोन फेजमध्ये 400 च्या आसपास. त्यावर तुमचा हीटर जवळजवळ तिप्पट वीज ओढेल, आणि त्याच पाण्यात माणसं बसलेली असतील.

म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल. पण तेही टर्मिनलमध्ये खुपसून चालत नाही. आतले दिवे, ओझोनेटर (पाणी शुद्ध ठेवायला ओझोन सोडणारं यंत्र), एखादा पंप 120 वर असेल तर तो जळेल. कंट्रोल बॉक्सच्या झाकणाच्या आत वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो, त्यात 50 हर्ट्झची जोडणी दाखवली आहे का पाहा. नसेल तर कंट्रोल बॉक्स आणि पंप 50 हर्ट्झचे घ्या. हीटरला हर्ट्झचं काही नाही. 60 ची मोटर मात्र 50 वर हळू फिरते आणि जास्त तापते.

सर्किट स्वतंत्र, थेट मेन बोर्डावरून. गीझरचा पॉइंट 16 अँपिअरचा; तुमचा हीटर एकटाच 23 च्या आसपास घेतो, वर पंप. पंप जोरात असताना हीटर बंद ठेवायची सेटिंग बऱ्याच टबांत असते; ती असेल तर 32 च्या एमसीबीवर (भार जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) भागतं. नाहीतर 40, आणि तांब्याची आर्मर्ड केबल 10 स्क्वेअर एमएमच्या खाली नको. एका फेजवर एवढा भार येणार, म्हणून वीज खात्याकडचा मंजूर भार आधी तपासा. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच.

30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. आपल्या गोव्यात जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात चिऱ्यांची जमीन कोरडी पडली की अर्थचा रोध इतका वाढतो की गळतीवर एमसीबी पडतच नाही. आरसीसीबी थोड्या गळतीवरही पडतो. तरी टबासाठी वेगळा अर्थ पिट खणून घ्या, मोजून घ्या, मोजणी मे महिन्यात करा. आयसोलेटर (टबाची सगळी वीज तोडायचा स्विच) टबातून दिसेल असा, पण पाण्यात बसलेल्याचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.

शिवोलीकर
आमचा आरसीसीबी पावसात सारखा पडतो. 100 मिलीअँपिअरचा बसवा म्हणतात. बसवू?

डिचोलीचे काका
नको. 100 चा आग टाळायला, माणूस वाचवायला 30 चाच. मेन बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवा, टोकं टेप करा, मग चालू करून बघा. तरीही पडला तर बाहेरचा जंक्शन बॉक्स उघडा, ग्लँडमधून (केबल आत जाते तिथलं बूच) पाणी शिरलेलं असेल. पडायचा थांबला तर हीटरची कॉइल गेली. मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) खात्री करून बदला. तोवर टबात कुणाला उतरू देऊ नका.