उत्तर: बोइंग 737 विमानाचं इंजिन चपटं का?
गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उभ्या 737-800 चं इंजिन खालून चपटं आणि शेजारच्या एअरबस ए320 चं गोल का, असा प्रश्न आलाय. कारण जमिनीपासूनची उंची. 1967 साली उडालेलं 737 मुद्दाम बुटकं ठेवलं होतं, सामान हातानं चढवता यावं म्हणून; तेव्हाची इंजिनंही सडपातळ. पुढे 737-300 ला 60 इंची पंख्याचं सीएफएम56 इंजिन बसवताना त्याच्या तळाचा गिअरबॉक्स बाजूला सरकवावा लागला, म्हणून पोट सपाट. 737 च्या नव्या आवृत्तीला, मॅक्सला, 69 इंची पंखा हवा होता, तर इंजिन पुढे आणि वर नेलं, नाकाखालचं चाक 8 इंच उंच केलं. नाक जास्त उचललं की ते आणखी वर जायची खोड त्यातूनच आली, आणि नाक आपोआप खाली दाबणारं ते बदनाम सॉफ्टवेअर, एमकॅसही. ए320 मुळातच उंच. त्याच्या नव्या आवृत्तीला, निओला, 78 इंची पंखासुद्धा मावला.