मदत हवी आहे: आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत गाठ दिसली

नमस्कार मैत्रिणींनो. मी खानापूर तालुक्यातली. पहिलीच वेळ, आठवा आठवडा. काल बेळगावात सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके दिसले, आणि उजव्या अंडाशयात ४.५ सेंटीमीटरची पाण्याची गाठ. डॉक्टर अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत होत्या. मला कळलं ते असं: ही कॉर्पस ल्युटियमची गाठ, बीज सुटल्यावर तिथेच राहते आणि सुरुवातीला गर्भ टिकवणारं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, तीच बनवते. वार तयार झाली की बहुतेक वेळा आपोआप जिरते. चौदाव्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. अचानक जोराची कळ आली, उलट्या झाल्या तर रात्र असली तरी यायचं, गाठीला पीळ पडू शकतो.

बाहेर सासूबाईंना मी नुसतं ‘गाठ’ म्हणाले. झालं! घरात सुतक पडल्यासारखं. शेजारच्या काकू काढा घेऊन आल्या, तो मी गुपचूप मोरीत ओतला.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं होतं का? गाठ कितव्या आठवड्यात गेली? मला कूस बदलताना उजवीकडे ओढल्यासारखं होतं, तुम्हाला व्हायचं का? आणि बसने ये-जा केलेली चालते का? हे विचारायचंच राहिलं. परवा फोन करणारच आहे, तोवर तुमचे अनुभव सांगा.