ब्रशचा ‘श्श’ गेला: हेड बदलू की ट्यून करू?

कोटेड१४
१४ इंची लाकडी स्नेअर (खाली वायर लावलेला ड्रम), हेड ताणायचे १० रॉड, वर एकपदरी कोटेड हेड, म्हणजे खरखरीत लेप दिलेला वाजवायचा पडदा. काठीला आवाज ठीक आहे, पण ब्रश (तारांचा झुपका) मधोमध नुसता घसरतो. वायर आवळल्या की ड्रम गुदमरतो, सैल केल्या की शेजारच्या टॉम ड्रमबरोबर खरखरतात. हेड बदलावं का? आणि ब्रशसाठी ऐकावं काय?

ड्रमकी
बदलाच. ब्रशचा आवाज कोटिंगच्या खरखरीतपणातून येतो. ते झिजून गुळगुळीत झालं की ट्यूनिंगचा उपयोग नाही. नवीनही एकपदरी कोटेडच घ्या, १० मिल (इंचाचा हजारावा भाग) जाडीचं.

जुनं हेड काढलंच आहे तर शेलच्या (ड्रमच्या पिंपाच्या) कडा तपासा. कोरड्या फडक्याने पुसून शेल सपाट काचेवर ठेवा, खोली अंधारी करा, आत टॉर्च लावा. काठाखालून उजेड झिरपला तर तिथे कडा खोलगट झाली आहे, आणि त्या जागी सूर जुळवताना दमछाक होईल. खालच्या काठावर मात्र वायरसाठी समोरासमोर दोन उथळ खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात. तो दोष समजून घासत बसू नका!

रॉडच्या आट्यांना थेंबभर तेल. सगळे रॉड आधी बोटांनी, मग चावीने समोरासमोरच्या जोडीत अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारून सूर मिळवा. एखादा चढला तर हव्या सुराच्या खाली उतरवून पुन्हा वर आणा. नुसता उतरवून सोडलेला रॉड वाजवताना आणखी सैल होतो.

राइड_२०
खरखरीचा दोष वायरना देऊ नका. टॉमचा सूर स्नेअरच्या सुराजवळ आला की वायर त्याच्याबरोबर थरथरतात. टॉम थोडा चढवा किंवा उतरवा. थोडी खरखर उरेलच, तेवढी असू द्या.

ब्रशची टोकंही बघा. वाकलेली तार नवं कोटिंग खरवडते. वाजवून झालं की तारा दांड्यात ओढून घ्या.

दोन_आणि_चार
ऐकायला ‘ब्लू इन ग्रीन’, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममधलं. ड्रमवर जिमी कॉब, हातात ब्रश. हेडफोन लावा आणि पियानोकडे चक्क दुर्लक्ष करा. आधी फक्त हेडवर फिरणारा ब्रश ऐका: तो थांबत नाही, ठोके त्याच्यावर पडतात. बहुतेकांचा ब्रश ठोक्यापाशी अडखळतो, तिथेच लय तुटते.

मग जॅझ ड्रमर केनी क्लार्क ऐका. ताल पायाने वाजवायच्या बेस ड्रमवरून राइड झांजेवर आणण्याचं मोठं श्रेय त्यांचं. बेस ड्रम मोकळा झाला तो अधूनमधून ठोके टाकायला.

कोटेड१४
आभार. राइड काळवंडलीये, पॉलिश करू का?

राइड_२०
नको. पॉलिशने छापील लोगो जातो, आवाजही बदलू शकतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, कंगोऱ्यांच्या दिशेने पुसा, लगेच कोरडी करा. स्टँडवरची प्लॅस्टिकची नळी शाबूत आहे ना? ती नसली तर धातूवर धातू घासून भोक लांबट होतं आणि पुढे तिथूनच चीर जाते. वरचा नटही घट्ट आवळू नका, झांज डोलली पाहिजे.