प्रतिसाद: कृष्णविवर सगळं गिळत का नाही, आणि त्याच्या आलेखासाठी कोणता कागद घ्यावा

"कृष्णविवर सगळं ओढून घेतं, मग आकाशगंगा शिल्लक कशी?" हा कृष्णविवरांवरच्या आणि त्यांच्या आलेखासाठीच्या वह्या-पेनांवरच्या या चर्चेत आलेला प्रश्न रास्त आहे. पण लांबून त्याचं गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्यासारखंच असतं. सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर आपण गारठून मरू खरे, पण पृथ्वीची कक्षा तीच राहील.

स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराची त्रिज्या (म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची) वस्तुमानाच्या सम प्रमाणात वाढते. पृथ्वीएवढ्या वस्तुमानाला जेमतेम ९ मिलीमीटर, सूर्याएवढ्याला ३ किलोमीटर. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं, म्हणजे त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. बुधाच्या कक्षेतही आरामात मावेल. २०१९ मध्ये ज्याचं चित्र आलं ते एम८७ या दुसऱ्या एका आकाशगंगेमधलं तर सुमारे ६५० कोटी सूर्यांचं!

आता हे वस्तुमान आणि त्रिज्येचं नातं आलेखावर काढायला लागणाऱ्या वह्या-पेनांचं. महागड्या जेल पेनांची एवढी चर्चा झाली, पण या विषयाला खरा उपयोगी पडतो तो लॉग-लॉग आलेख कागद. साध्या आलेख कागदावर सूर्याचे ३ किलोमीटर १ मिलीमीटरने दाखवले, तर आकाशगंगेच्या मध्यावरच्याचा बिंदू ४ किलोमीटर लांब जाईल. लॉग-लॉगवर दोन्ही अक्षांवर दर दहापटीला (१, १०, १००...) सारखंच अंतर, त्यामुळे सगळे बिंदू एकाच पानावर, एका सरळ रेषेत. रेघ एचबी पेन्सिलीनेच मारा, टोक काढून. गुळगुळीत कागदावर जेलची शाई पट्टी सरकवताना हमखास फरफटते. डावखुऱ्यांचे हाल तर विचारूच नका.