शब्दचर्चा: 'स्टँडअलोन सॉफ्टवेअर सिंथ'ला मराठीत काय म्हणावं?

शंकासुर
रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा संगणक फक्त सिंथ (सूर घडवणारा सिंथेसायझर) म्हणून कसा वापरायचा, यावर छोटी पुस्तिका लिहितोय. मांडणी साधी आहे. एका बाजूने यूएसबी मिडी कीबोर्ड, म्हणजे कोणती पट्टी दाबली ते फक्त कळवणारा, दुसऱ्या बाजूने स्पीकर. पडदा नाही, माऊस नाही. वीज दिली की लिनक्स सुरू होतं, मागोमाग फ्लुइडसिंथ किंवा झिनॲडसबएफएक्स असा सिंथचा प्रोग्राम आपोआप चालू होतो आणि पट्टी दाबली की सूर वाजतो. घोडं अडलंय ते नावापाशी. 'स्टँडअलोन सॉफ्टवेअर सिंथेसायझर'चं 'स्वतंत्र आज्ञावलीय ध्वनिसंश्लेषक' असं भाषांतर सुचवलं गेलंय. असं छापलं तर वाचणारा तिथेच पुस्तिका मिटेल. काय लिहावं?

कोमल_नी
'संश्लेषक' नकोच. संश्लेषण म्हटलं की झाडाची पानं डोळ्यासमोर येतात. 'सिंथ' बरा, छोटा आहे, 'सिंथचा', 'सिंथवर' असा चालवताही येतो.

पण एक अडचण आहे. आपण 'सिंथेसायझर' म्हणतो तेव्हा बहुतेकांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं वाद्य दिसतं. आवाज आत कसा घडतो याच्याशी त्या शब्दाचं बोलण्यात काही नातं उरलेलं नाही. कित्येक जण तर कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डाला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. तुमच्याकडे नेमकं उलट आहे. पट्ट्या ज्याला आहेत तो मुका, आणि ज्याच्यातून सूर निघतो त्याला एकही पट्टी नाही. हे पहिल्या पानावर सांगा.

मधला_सा
'कीबोर्ड'चंही बघा. संगणकाचा विषय आहे म्हटल्यावर 'कीबोर्ड जोडा' वाचून अर्धे लोक टायपिंगचा जोडतील. टायपिंगचा तो 'कळफलक' आणि वाजवायचा तो 'मिडी कीबोर्ड', असं ठरवून टाका. पुढे नुसतं 'पट्ट्या' म्हटलं तरी भागेल.

पट्टीचा
खरा घोळ 'स्टँडअलोन'मध्ये आहे, कारण या विषयात तो शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तुमच्या पुस्तिकेत दोन्ही येणार.

पहिला अर्थ प्रोग्रामबद्दल. सॉफ्टवेअर सिंथ दोन प्रकारे चालतो. एक म्हणजे प्लगइन म्हणून, ध्वनिमुद्रणाच्या एखाद्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात. मिडी, म्हणजे पट्ट्यांचे संदेश, त्याला या यजमानाकडून मिळतं आणि तयार झालेला ध्वनी तो यजमानालाच परत देतो. दुसरा प्रकार म्हणजे आपल्या पायावर. तो थेट अल्साशी किंवा जॅकशी, म्हणजे लिनक्सच्या ध्वनियंत्रणेशी बोलतो, मधे कुणी नाही. झिनॲडसबएफएक्स दोन्ही प्रकारे मिळतो. इथे 'स्वतंत्र' हा शब्द चपखल बसतो: 'प्लगइन नव्हे, स्वतंत्र आवृत्ती वापरा.'

दुसरा अर्थ पेटीबद्दल, म्हणजे हार्डवेअरच्या डब्याबद्दल. संगणकाशिवाय चालणाऱ्या वाद्याला हार्डवेअरवाले स्टँडअलोन म्हणतात. आता गंमत अशी की आपली पेटी स्वतःच संगणक आहे. 'बिनसंगणकाचा सिंथ' म्हणावं तर धडधडीत खोटं होतं. 'स्वयंचलित' तर अजिबात नको, त्यातून तो आपला आपण वाजत बसतो असा अर्थ निघतो. 'सुटा सिंथ' म्हणजे सुट्या भागांच्या दुकानातला वाटतो.

हे दोन्ही अर्थ एकमेकांवर अवलंबून नाहीत. स्वतंत्र प्रोग्राम भल्याथोरल्या डेस्कटॉपवर दहा खिडक्यांच्या गर्दीत चालू शकतो, तेव्हा कुणी त्या डेस्कटॉपला वाद्य म्हणत नाही. उलट एखाद्या बंद पेटीत यजमान प्रोग्राम आणि त्यात प्लगइनं अशी रचना असू शकते. झिंथियन ही रास्पबेरी पायवरची खुली प्रणाली तशीच, अनेक सिंथ इंजिनांना एका छताखाली घेते. बाहेरून बघणाऱ्याला एकच पेटी दिसते.

पेटीसाठी म्हणून मी 'स्वयंपूर्ण' सुचवेन.

शंकासुर
स्वयंपूर्ण कशी? पट्ट्या बाहेरच्या, स्पीकर बाहेरचा, वीजही बाहेरचीच.

पट्टीचा
मुद्दा बरोबर आहे. मग 'वाहिलेला' घ्या. 'सिंथला वाहिलेला संगणक.' कुणी एकाच कामाला आयुष्य वाहिलं म्हणतो ना, तेच. तुम्हाला खरं तर हेच म्हणायचंय. पेटी कशाकशाला जोडलीय याला महत्त्व नाही, ती दुसरं काही करत नाही याला आहे. ब्राउझर नाही, अपडेट नाही, पडदा रंगवायचं काम नाही. प्रोसेसरचा सगळा वेळ सुरांना.

या शब्दाला कसोटीही लावता येते. वीज दिल्यावर कुणी लॉगिन न करता, काही टिचकी न मारता सूर वाजला पाहिजे. आणि सरळ प्लग उपटला तरी पुढच्या वेळी तसाच वाजला पाहिजे. दुसरी अट लोक विसरतात. कुठल्याही वाद्याला आपण 'शटडाउन' करत नाही, पण लिनक्स पायच्या मेमरी कार्डावर काही लिहीत असताना वीज गेली तर कार्डावरची फाइल-रचना बिघडू शकते. म्हणून चालू वापरात कार्ड 'फक्त-वाचन' स्थितीत ठेवतात. ते केलं नसेल तर तो अजून संगणकच आहे, वाद्य झालेला नाही, असं माझं मत.

टोकाचं उदाहरण हवं असेल तर मिनीडेक्स्ड. त्यात लिनक्सच नाही. सिंथचा प्रोग्राम थेट पायच्या हार्डवेअरवर चालतो आणि यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ सारखे आठ सिंथ एकत्र उभे करतो. त्याला 'वाहिलेला' शोभतं.

कोमल_नी
'वाहिलेला' आवडला. फक्त 'पाण्यात वाहिलेला' अशी कोटी कुणीतरी करणारच.

तडतड
माझ्या नावामुळे माझ्यावरच जबाबदारी आहे, तर आवाजाच्या तक्रारींच्या शब्दांबद्दल थोडं लिहितो. इंग्रजी मदतपानांवर सगळ्याला 'नॉइज' म्हणतात. मराठीत याहून नेमके शब्द आहेत आणि ते वापरले तर दोष शोधणंही सोपं होतं. पुस्तिकेत 'गोंगाट' लिहून ही सोय घालवू नका.

'तडतड' म्हणजे मधेच, तुटक, बहुधा जास्त पट्ट्या एकदम दाबल्यावर येणारी. तिचं कारण बफर. सिंथ ध्वनीचे नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने तयार करतो, असा एक गठ्ठा म्हणजे बफर. पुढचा गठ्ठा वेळेत पोचला नाही की मधे भोक पडतं आणि कानाला तड् असं ऐकू येतं. जॅकच्या नोंदीत हेच 'एक्सरन' म्हणून दिसतं.

'सूं' किंवा 'खरखर' सतत असते, काही वाजवत नसतानाही. तिचा बफरशी संबंध नाही. पायच्या ज्या मॉडेलांवर हेडफोनचं भोक आहे, तिथला ध्वनी पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करण्याच्या) पद्धतीने काढलेला असतो आणि त्याचा दर्जा बेताचाच. पाय झीरो आणि पाय ५ वर तर ते भोकच नाही. यूएसबीचं साउंडकार्ड किंवा पिनांवर बसणारा डॅक (आकड्यांचा ध्वनी करणारं छोटं सर्किट) लावला की प्रश्न बहुधा मिटतो.

'घूं' ही खालच्या सुरातली घरघर असते, विजेच्या जोडणीतली. तिच्यासाठी बफर वाढवत बसणारे पुष्कळ भेटतात. आधी अर्थिंग आणि ॲडॉप्टर बघा.

मधला_सा
बफर वाढवला की पट्टी आणि सूर यांत अंतर पडतं, त्या 'लेटन्सी'ला काय म्हणायचं? 'दिरंगाई' सुचतंय.

तडतड
दिरंगाईत दोषारोप आहे, ती सरकारी कामाला ठेवा. 'विलंब' कोशाला धरून आहे, पण वाजवणाऱ्याला लगेच 'विलंबित' आठवतो आणि तो लयीचा मामला आहे. बोलताना आपण 'सूर मागून येतो' म्हणतो. मी वाक्यात 'उशीर' लिहीन, तक्त्यात 'विलंब'.

आकडे मात्र द्याच. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर ६४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, १०२४ चा २१.३. प्रत्यक्षात असे निदान दोन बफर रांगेत असतात, शिवाय साउंडकार्डाचा वेळ वेगळा. हवेत ध्वनी मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा स्पीकर ३ मीटरवर ठेवला तर जवळपास ९ मिलिसेकंद तिथेच गेले. ६४ साठी हट्ट धरून तडतड सहन करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा. २५६ वर ठेवा, स्पीकर जवळ ओढा.

आणि 'बफर'चं भाषांतर कृपया नको. 'राखीव साठा' म्हटलं की तो संपला तरी चालेल असं वाटतं. इथे नेमकं तेच चालत नाही.

कोमल_नी
'पॉलिफनी'चं, म्हणजे एका वेळी अनेक सूर वाजण्याचं, काय ठरलं? 'बहुस्वरता' पुस्तकी आहे, पण 'आवाज' त्याहून धोक्याचा. '१२८ आवाज' म्हणजे काय? निवडायला मिळणारे १२८ प्रकार, जसे जनरल मिडी या ठरलेल्या यादीत आहेत, की एकाच वेळी वाजू शकणारे १२८ सूर? आपण 'आवाज वाढव' म्हणतो तो आणखी तिसरा.

पट्टीचा
प्रकाराला वाजवणारे 'टोन' म्हणतात, ते ठेवा. एकाच वेळी वाजणाऱ्यांना 'व्हॉइस'. 'एका वेळी किती सूर' असं फोडून लिहिण्याचा मोह होईल, पण तेही काटेकोर नाही. जुन्या सिंथांत मिनीमूगला एकच व्हॉइस, १९७८ च्या प्रॉफेट-५ ला पाच, डीएक्स७ ला सोळा. या यंत्रांत तो आकडा हार्डवेअरनेच ठरलेला. फ्लुइडसिंथची मूळ मर्यादा २५६ आहे, पण त्याचा अर्थ २५६ पट्ट्या नव्हे. डाव्या-उजव्या बाजूंच्या वेगळ्या मुद्रणाचा (स्टिरिओ) पियानो असेल तर एका पट्टीला दोन व्हॉइस लागतात, थर रचलेला टोन असेल तर आणखी. शिवाय पट्टी सोडल्यावर आस विरेपर्यंत व्हॉइस मोकळा होत नाही. छोट्या पायवर ही मर्यादा मुद्दाम ६४ वर आणली तर तडतड कमी होते.

पट्टी सोडल्यावर सूर विरण्याला, म्हणजे 'रिलीज'साठी, 'आस' हा शब्द सहज लिहून गेलो, पण तो चालावा. 'पोर्टामेंटो'ला 'मींड'ही चालेल. 'ऑसिलेटर'ला, म्हणजे मूळ कंप घडवणाऱ्या भागाला, 'दोलक' चालेल. 'फिल्टर' मात्र फिल्टरच, 'गाळणी'ने काही साधत नाही.

मधला_सा
शेवटचा एक. 'हेडलेस'?

तडतड
'बिनडोक' लिहू नका एवढंच. 'बिनपडद्याचा.'

शंकासुर
सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा करतोय: 'या पुस्तिकेत आपण एक छोटा, बिनपडद्याचा संगणक सिंथला वाहणार आहोत. त्यावर सिंथची स्वतंत्र आवृत्ती चालेल. सूर संगणकात घडतील, पट्ट्या मिडी कीबोर्डाच्या असतील. वीज दिली की लागलीच वाजवायला घ्या.'

पट्टीचा
'लागलीच' काढा. लिनक्स उठेपर्यंत थांबावं लागतं. 'वीज द्या, थोडं थांबा, आणि वाजवा.'