मदत हवी आहे : जी-एलने सुरू होणाऱ्या इतक्या इंग्रजी शब्दांत प्रकाश का आहे?

नमस्कार.

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी मी इंग्रजी शब्दसंग्रहाची एक पुस्तिका तयार करत आहे. शब्द वर्णानुक्रमाने न देता अर्थाच्या गटांनी द्यावेत असे ठरवले आहे. प्रकाशाशी संबंधित शब्द एकत्र मांडले, तेव्हा त्यांतील बरेचसे शब्द जी आणि एल या दोन अक्षरांनी सुरू होतात असे दिसले. ग्लिटर म्हणजे चमचमणे, ग्लीम म्हणजे मंद पण स्वच्छ उजळणे, ग्लिंट म्हणजे धातूवर क्षणभर उमटणारी चमक, ग्लिमर म्हणजे लुकलुकणारा क्षीण उजेड, ग्लिसन म्हणजे ओल्या पृष्ठभागाची चकाकी, ग्लो म्हणजे ज्वाळेविना पसरणारे तेज आणि ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झगझगाट. ग्लॉस म्हणजे तकाकी आणि ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर चढवलेली झिलई, हे दोन शब्दही याच पंक्तीत बसतात.

आणखी पुढे पाहिल्यास ज्या शब्दांचा संबंध उजेडापेक्षा पाहण्याशी आहे, तेही तेथेच सापडतात. ग्लान्स ही ओझरती नजर आहे, ग्लिम्प्स हे ओझरते दर्शन आहे आणि ग्लेअरचा दुसरा अर्थ रागाने रोखून पाहणे असा आहे. ग्लूम म्हणजे काळोख किंवा उदासी हा शब्दसुद्धा, उलट बाजूने का होईना, प्रकाशाचाच विषय बोलतो. मात्र त्याच पानावर ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लू म्हणजे चिकटवण्याचा डिंक, ग्लोब म्हणजे गोल आणि ग्लटन म्हणजे खादाड माणूस हे शब्दही येतात, आणि त्यांचा प्रकाशाशी काडीचाही संबंध दिसत नाही.

असेच आणखी दोन गट मला आढळले. एस-एनच्या गटात नाक पुन्हा पुन्हा येते : स्नोअर म्हणजे घोरणे, स्नीझ म्हणजे शिंकणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नॉट म्हणजे शेंबूड, स्नाउट म्हणजे जनावराचे पुढे आलेले नाकतोंड आणि स्नीअर म्हणजे नाक मुरडून कुत्सितपणे हसणे. डब्ल्यू-आरच्या गटात पिळणे आणि वळणे दिसते. त्यातील डब्ल्यूचा उच्चार होत नसल्यामुळे देवनागरीत लिहिताना तो गळून पडतो, एवढे ध्यानात घेऊन पुढील शब्द वाचावेत : रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे ओला कपडा पिळणे, रेंच म्हणजे हिसका देऊन पिरगाळणे, रिगल म्हणजे वळवळणे, राय म्हणजे वाकडा. परंतु स्नो आणि स्नेक यांना नाकाशी देणेघेणे नाही, आणि डब्ल्यू-आरनेच सुरू होणाऱ्या राइट या लिहिण्याच्या शब्दात पीळ कोठे आहे ते मला कळत नाही.

माझ्या शंका अशा. या शब्दांचे मूळ एकच आहे, की अक्षरे आणि अर्थ यांची ही गाठ केवळ योगायोगाने पडली आहे? अनोळखी शब्द समोर आल्यावर सुरुवातीच्या अक्षरांवरून विद्यार्थ्याने अर्थाचा अंदाज बांधावा, असे शिकवणे कितपत सुरक्षित आहे? आणि समान अक्षरांचा कोणता गट भरवशाचा व कोणता फसवा, हे ओळखण्याची एखादी कसोटी आहे काय? भाषाशास्त्राचा अभ्यास असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपले निरीक्षण अचूक आहे आणि ते फार जुनेही आहे. अनंताचे चिन्ह गणितात रूढ करणारे जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये लॅटिन भाषेत इंग्रजीचे एक व्याकरण लिहिले होते. त्यात डब्ल्यू-आरने सुरू होणारे शब्द वाकडेपणा किंवा पिळवटणे सुचवतात, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. अशा ध्वनिगटांना फोनेस्थीम हे नाव ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये दिले आणि आजही तेच नाव चालते.

मूळ एकच आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अर्धे होकारार्थी द्यावे लागते. ग्लो, ग्लीम, ग्लास हे शब्द चमकणे या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेता येतात. गोल्ड आणि येलो हेही त्याच धातूचे वंशज आहेत, आणि संस्कृतातील हिरण्य व हरित ही त्यांची दूरची भावंडे आहेत. ग्लॅड या शब्दाचाही जुना अर्थ उजळ, तेजस्वी असाच होता. आनंदी हा अर्थ नंतरचा. म्हणजे एवढ्या शब्दांपुरते आपण पाहिलेले साम्य खऱ्या नात्यातून आलेले आहे. उलट ग्लू, ग्लोब आणि ग्लटन हे लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेले पाहुणे आहेत, आणि ग्लव्ह जुन्या इंग्रजीतला असला तरी वेगळ्या कुळातला आहे.

खरी गंमत मात्र मधल्या शब्दांत आहे. ग्लान्सचा उगम घसरणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात असून शस्त्राचा वार नेम चुकून बाजूला निसटणे हा त्याचा इंग्रजीतील आरंभीचा अर्थ होता. क्रिकेटमधील लेग ग्लान्समध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे, कारण तेथे फलंदाज चेंडू टोलवत नाही, तर बॅटचा नुसता स्पर्श करून त्याला यष्ट्यांमागे निसटू देतो. नजर टाकणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि त्यामागे चमकणे व तिरके पाहणे या अर्थांच्या, जी-एलनेच सुरू होणाऱ्या दुसऱ्या एका शब्दाचा प्रभाव असावा असे मानले जाते. स्नीझची कथा याहून बोलकी आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या आरंभी एस नसून एफ होता, म्हणजे तो एफ-एनने सुरू होत असे. मध्ययुगात तो जोड इंग्रजीतून नाहीसा होऊ लागला, तेव्हा शिंकेचा शब्द स्नोअर आणि स्नॉर्ट यांच्या शेजारी येऊन एस-एनचा झाला. मूळ वेगळे असलेला शब्दही अशा गटाकडे ओढला जातो आणि गट वाढत जातो, हे यातून दिसते.

आता अंदाजाच्या भरवशाविषयी. बेंजामिन बर्गेन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्राउन कॉर्पस या इंग्रजी मजकुराच्या संग्रहातील शब्द तपासले. जी-एलने सुरू होणाऱ्या निरनिराळ्या शब्दांपैकी सुमारे 39 टक्के शब्द प्रकाशाशी किंवा दृष्टीशी संबंधित निघाले आणि एस-एनच्या बाबतीत नाक-तोंडाशी संबंधित शब्दांचे प्रमाण सुमारे 28 टक्के भरले. योगायोगासाठी हे आकडे फार मोठे आहेत, पण परीक्षेत उत्तर लिहिण्यासाठी फार लहान आहेत. त्याच अभ्यासातील प्रयोगात असेही आढळले की ग्लिटर वाचल्यानंतर लगेच ग्लो दाखवला तर वाचक तो अधिक लवकर ओळखतात, आणि हा लाभ नुसत्या समान अक्षरांनी किंवा नुसत्या समान अर्थाने मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त असतो. त्यामुळे लक्षात ठेवण्यासाठी गट जरूर वापरावेत, मात्र अर्थ ठरवण्यासाठी शब्दकोशच उघडावा, असे माझे मत आहे.

विद्यार्थ्यांना हे पटवायचे असेल तर आपल्याच भाषेतले उदाहरण द्यावे. झळाळी, झळकणे, झगमगाट, झगझगीत या सर्वांत झ आणि प्रकाश एकत्र आहेत. म्हणून झाड, झोप आणि झगा यांत कोणी उजेड शोधत बसत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

सविस्तर प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. लेग ग्लान्सचे उदाहरण पुस्तिकेत नक्की घेईन. दोन गोष्टी अजून स्पष्ट व्हायच्या आहेत. ग्लॉसचा अर्थ शब्दकोशात तकाकी असाही दिला आहे आणि कठीण शब्दावरील टीप असाही दिला आहे. या दोन अर्थांचा सांधा मला जुळवता आला नाही. शिवाय स्पार्कल, क्रॅकल, डॅझल, रेसल असे शेवटी एल-ई असणारे शब्दही मी एका गटात ठेवले आहेत. तेही फोनेस्थीमच समजावेत काय?

प्रतिसाद २

ग्लॉसचा सांधा जुळत नाही, कारण ते दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे स्पेलिंग योगायोगाने एकच झाले आहे. तकाकीचा ग्लॉस जर्मानिक कुळातला आहे. टिपेचा ग्लॉस हा जीभ किंवा भाषा या अर्थाच्या ग्रीक ग्लोसा शब्दावरून आला असून ग्लॉसरी म्हणजे शब्दसूची हा शब्दही त्याच घरातला आहे. चांगल्या शब्दकोशात या दोन ग्लॉसच्या नोंदी क्रमांक घालून स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. एकाच नोंदीखाली अनेक अर्थ असणे आणि एकाच स्पेलिंगच्या अनेक नोंदी असणे यांतील फरक मुलांना एकदा दाखवून द्यावा. ग्लॅमरबाबतही सावध राहावे असे सुचवतो. झगमगाटामुळे तो प्रकाशाच्या पानावर सहज जाईल, पण तो मुळात ग्रामर या शब्दाचे स्कॉटिश रूपांतर आहे. विद्या म्हणजे गूढविद्या, गूढविद्या म्हणजे जादू आणि जादू म्हणजे मोहिनी, अशा पायऱ्या उतरत तो आजच्या अर्थाला पोहोचला. व्याकरणाला इतके दिवस कोणी मोहक म्हटले असेल असे वाटत नाही, तरीही वंशावळ तशी आहे खरी.

आपण विचारलेली कसोटी एल-ईच्या गटावर उत्तम लागू पडते. समान अक्षरे काढून टाकावीत आणि उरते त्याला काही अर्थ आहे का ते पाहावे. स्पार्कलमधून शेवट काढला तर ठिणगी या अर्थाचा स्पार्क उरतो, क्रॅकलमधून तडकणे या अर्थाचा क्रॅक उरतो, डॅझलमधून भांबावून टाकणे या अर्थाचा डेझ उरतो आणि रेसलमधून हिसकावणे या अर्थाचा रेस्ट उरतो, जो अर्थात डब्ल्यूने लिहिला जातो. मूळ क्रिया पुन्हा पुन्हा किंवा बारीक बारीक घडणे हा अर्थ शेवटच्या एल-ईने जोडला, म्हणून तो एक खरा प्रत्यय आहे. तो आता नवे शब्द घडवण्यासाठी फारसा वापरला जात नाही, एवढेच. ग्लिटरमधून जी-एल काढले तर उरलेला तुकडा इंग्रजीत कशाचाच नाही. म्हणून तेथे प्रत्यय नाही, फोनेस्थीम आहे. ज्याला प्रत्यय किंवा धातू म्हणता येते तो गट शिकवताना नियम म्हणून सांगावा, आणि ज्याला तसे म्हणता येत नाही तो केवळ स्मरणासाठी ठेवावा.

खऱ्या धातूंचे गटही डोळे मिटून घेऊ नयेत. पेडल आणि पेडेस्ट्रियन यांतील पेड हा पाय या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा आहे, तर पेडॅगॉजी आणि पीडिअॅट्रिक्स यांत मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. बालरोगतज्ज्ञाला पायाचा डॉक्टर समजण्याची वेळ यामुळेच येते.

आपल्या डब्ल्यू-आरच्या शंकेविषयी थोडक्यात सांगतो. तेथील डब्ल्यू पूर्वी उच्चारला जात असे. त्या गटातील पुष्कळ शब्द वळणे या अर्थाच्या एका जुन्या धातूचे आहेत, आणि राँग म्हणजे चुकीचा हा शब्दही मुळात वाकडा या अर्थाचा होता. राइटचा धातू मात्र ओरखडणे, कोरणे या अर्थाचा आहे, त्यामुळे त्यात पीळ शोधू नये.

पुस्तिकेत टी-डब्ल्यूचा गट अजून नसेल तर तो अवश्य घ्यावा, कारण तो पुष्कळसा पक्का आहे. टूच्या स्पेलिंगमधील न उच्चारला जाणारा डब्ल्यू हा जुन्या उच्चाराचा अवशेष आहे आणि तोच ट्वाइस, ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी आणि बिट्वीन यांत ऐकू येतो; दोन पेडांची दोरी या अर्थाचा ट्वाइनही त्यातलाच. त्याच पानावर ट्विंकल ठेवण्याचा मोह होईल, परंतु त्याचा दोनशी संबंध नाही. तो डोळे मिचकावणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाला वरचाच एल-ई प्रत्यय लागून झाला आहे, म्हणून त्याची जागा स्पार्कलशेजारी आहे.